झुडपं उलटी का ठेवायची?

पत्र थोडक्यात: नागपूरच्या मानेवाडा भागातली वीस वर्षांची वाचक. बी.एस्सी.चं दुसरं वर्ष. विषय वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र. दोन वर्षांपूर्वी मामासोबत उमरेड-कऱ्हांडल्याच्या अभयारण्यात गेली, पहिल्याच फेरीत वाघीण दिसली आणि तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही. बाबा म्हणतात, "जंगलात जाऊन का वाघाले पंखा घालशीन? बी.एड. कर." दादा म्हणतो, रील्स काढ, लोक बघतात. दिवाळीच्या सुट्टीत ती एका 'अधिवास व्यवस्थापन' शिबिराला गेली. तीन दिवस रायमुनियाची झुडपं खणली, ती उलटी करून ठेवली, सुतळीच्या चौकटीत बसून गवत मोजलं. "एक चितळसुद्धा दाखवलं नाही, आम्हाला फुकटचे मजूर समजले," असं ती लिहिते. आता एका खासगी संस्थेचा पंधरा दिवसांचा वन्यजीव अभ्यासक्रम समोर आहे. फी ४५ हजार, रोज सफारी, शेवटी प्रमाणपत्र. आई बांगडी मोडायला तयार आहे. करू का? की बाबांचं ऐकू? आणि ता.क.: बुद्धपौर्णिमेला मचाणावर जाऊ का?

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुझ्या बाबांच्या पंख्याला हसले. दुसऱ्यांदा एका ओळीशी थांबले. ती तू तक्रार म्हणून लिहिली आहेस: "झुडपं उलटी ठेवायला लावली, कशासाठी ते कुणी धड सांगितलंही नाही."

सांगायला हवं होतं. ही चूक त्यांची. मी वनस्पतिशास्त्र शिकवण्यात तीस वर्षं घालवली आहेत, तेव्हा तेवढं मीच सांगून टाकते. बांगडीचं मग बघू.

रायमुनिया म्हणजे पुस्तकातली घाणेरी किंवा टणटणी. मूळची अमेरिका खंडातल्या उष्ण भागातली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बागेची शोभा म्हणून ती आपल्याकडे आणली आणि बागेचं कुंपण ओलांडून ती रानात शिरली. तिचा पाला विषारी, गुरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत. फळं मात्र बुलबुलांना फार आवडतात. म्हणजे खाऊन संपवणारं कुणी नाही आणि बी पेरणारे पुष्कळ. वरून कोयता चालवला तर बुंध्यातून पहिल्यापेक्षा जास्त फांद्या फुटतात. म्हणून जमिनीखाली दोन-तीन बोटं खणायचं, जिथून फुटवे येतात त्या भागाच्या खाली मूळ तोडायचं आणि आख्खं झुडूप मुळं आभाळाकडे करून ठेवायचं. ओल्या मातीला टेकलेली फांदी पुन्हा मूळ धरते. उलटं ठेवलं की मुळं उन्हात वाळून मरतात. एवढंच गुपित आहे त्यात.

माझं मत विचारशील तर तुमचं शिबिर उशिरा झालं. फळं काळी पडण्याआधी हे काम उरकलेलं बरं. दिवाळीपर्यंत पिकलेली फळं तुमच्याच हातून खाली सांडली असणार आणि येत्या पावसात उगवणार. म्हणून अशा जागी सलग दोन-तीन वर्षं परत जावं लागतं. सगळी रायमुनिया एका दमात साफ करणंही शहाणपणाचं नाही. तिच्या आडोशाला ससे, रानडुकरं राहतात, आणि उघड्या पडलेल्या मातीवर पहिल्या पावसात गवताच्या आधी रानतुळस आणि तरोटा ही तणं धावत येतात. काढायचं किती, ठेवायचं किती, काढल्यावर कोणत्या गवताचं बी टाकायचं, हे ठरवणं म्हणजेच तू ज्याला 'अधिवास व्यवस्थापन' हे भारदस्त नाव लिहिलं आहेस ते.

सुतळीच्या चौकटीचंही तसंच. एक मीटर बाय एक मीटर जागेत मारवेल किती, शेडा किती, कुसळी किती, तण किती आणि नुसती माती किती, हे दरवर्षी त्याच जागी मोजलं तरच केलेल्या कामाचा उपयोग झाला की नाही ते कळतं. कुसळी कोवळी असताना जनावरं खातात, पण बी धरलं की तिची टोकदार कुसळं तोंडाला टोचतात. लांबून बघणाऱ्याला मारवेल असो की कुसळी, हिरवंगार कुरणच दिसतं. चितळाला फरक कळतो.

आता तुझ्या वाघिणीकडे येऊ. एका वाघाला वर्षाला चितळाएवढी साधारण पन्नास जनावरं लागतात. तेवढी दरवर्षी काढून घेऊनही कळप टिकायचा असेल तर मागे पाचशेच्या आसपास जनावरं हवीत, असा अभ्यासकांचा ठोकताळा आहे. त्या पाचशेंना बारा महिने चारा हवा, आणि आपल्याकडे बारा महिन्यांतला कठीण काळ आत्ता सुरू होतोय: गवत पिवळं पडलेलं, नाले आटलेले. महाराष्ट्रात २०१८ च्या गणनेत ३१२ वाघांचा अंदाज होता, २०२२ मध्ये तो ४४४ झाला. जंगल त्या प्रमाणात वाढलेलं नाही. तेव्हा तुला दिसलेली वाघीण ज्यावर उभी होती ते म्हणजे गवत, पाणी आणि सावली. तीन दिवस तू त्याच्याशीच झटत होतीस आणि म्हणतेस, मला जंगल दाखवलंच नाही!

राग मानू नकोस. तुझं वाघावरचं प्रेम खोटं आहे असं मला म्हणायचं नाही. माझीही सुरुवात वाघानेच झाली. पण तुझ्या पत्रात तीन गोष्टी गृहीत धरलेल्या दिसल्या, त्यांना जरा हलवून बघू.

पहिली म्हणजे, जास्त सफारी म्हणजे जास्त शिक्षण. जिप्सीत बसून रस्ता सोडता येत नाही, खाली उतरता येत नाही, आणि वाघ दिसला की गाडीतलं कुणी झाडाकडे बघत नाही. पर्यटनाला माझा विरोध नाही. पेंच-ताडोब्याच्या भोवतीच्या गावांतली कितीतरी मुलंमुली गाइड म्हणून त्यावर घर चालवतात. पण पंधरा दिवस रोज सफारी केल्याने तू पंधरा वेळा पर्यटक होशील.

दुसरी गोष्ट मला जास्त टोचली. "मजूर समजले." ज्यांना आपण मजूर म्हणतो त्यांच्याकडून मी काय शिकले ते सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी मी विद्यार्थ्यांना घेऊन रामटेकच्या पलीकडच्या जंगलात गेले होते. महिना एप्रिल. वाळलेलं गवत; फुलोरा नाही, त्यामुळे मला ओळखता येईना, आणि पोरं माझ्या तोंडाकडे बघत उभी. सोबत आगीवर लक्ष ठेवायला नेमलेला एक हंगामी माणूस होता. त्याने एक काडी उचलली. म्हणाला, "मॅडम, हे सशानं खाल्लं. तिरपं कापलं ना, चाकूवानी." पुढे दुसरी काडी. "हे चितळाचं. याले वरचे दात नसतेत समोर, मंग ते तोडत नाही, वढते. दोरे निघाले पाहा." मी घरी येऊन पुस्तक काढलं. त्याचं बरोबर होतं. हरणांना वरचे पुढचे दात नसतात हे मी परीक्षेत लिहिलं होतं, पण त्याची खूण गवतावर उमटते हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. तो माणूस चौथी शिकलेला होता आणि त्याची रोजी काय होती ते लिहायला मला आजही लाज वाटते.

हे लिहिते आहे तेव्हा आगीचा हंगाम लागला आहे. १५ फेब्रुवारी ते १५ जून हे वनखात्याचे आगीचे महिने. जाळरेषा, म्हणजे आग पुढे जाऊ नये म्हणून मोकळे ठेवलेले पट्टे, साफ करणं, पाला हटवणं, धूर दिसला की धावणं, ही सगळी याच माणसांची कामं. मोहफुलं वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवला जातो, तेंदूला नवी पालवी चांगली यावी म्हणूनही आग लावली जाते, आणि एक काडी शेकडो हेक्टर घेऊन जाते. आता आग लावणाऱ्याला शिव्या घालणं सोपं आहे. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव नावाचं गाव आहे. वनहक्क कायद्याखाली २०१२ मध्ये त्यांना आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. नंतर गावानेच बसून ठरवलं की तेंदूपत्ता तोडायचा नाही. त्यासाठी झाडं छाटावी लागतात, आग लागते, आणि तेंदूची फळं माणसांना व प्राण्यांना खायला उरत नाहीत. हातचं उत्पन्न सोडलं आणि बांबूवर भर दिला. अधिवास व्यवस्थापनाचा याहून चांगला धडा मला कुठल्या वर्गात दाखवता येणार नाही. सहलीला म्हणून नको, शिकायला म्हणून ग्रामसभेला विचारून जा.

याच्याच बाजूला एक अवघड गोष्ट आहे, तीही ऐकून ठेव. ताडोब्यात ज्या मोकळ्या कुरणांवर आज पर्यटकांना हमखास जनावरं दिसतात, त्यातली काही जुनी शेतं आहेत. नवेगाव, जामणी या गावांची. माणसं उठून बाहेर वसली, शेतजमिनीवर गवत वाढवलं, चितळ आली, चितळांमागे वाघ आला. हे जंगलासाठी चांगलं झालं, यात मला शंका नाही. तिथे कुणाचं तरी अंगण होतं, हेही तितकंच खरं. या क्षेत्रात येणाऱ्या मुलीला दोन्ही एकदम मनात धरता यायला हवं. न जमलं तर तुझ्या दादाचं रील्सचं खातं आहेच.

तिसरं गृहीतक तुझं आणि बाबांचं सामाईक आहे: जंगलाचं काम म्हणजे एकतर वनखातं, नाहीतर वेड. वनखात्याचंच आधी बोलू, कारण त्याबद्दल गैरसमज फार. त्या नोकऱ्यांना ४५ हजारांचं प्रमाणपत्र लागत नाही. वनरक्षकाच्या भरतीला बारावी, लेखी परीक्षा आणि धावणं लागतं. वरच्या पदांसाठी राज्याची वनसेवा एमपीएससीतून आणि भारतीय वनसेवा यूपीएससीतून. भारतीय वनसेवेला वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र यांतल्या एका विषयाची पदवी चालते. तुझ्याकडे तिन्ही असतील. तिथे मुलींना चार तासांत १४ किलोमीटर चालून दाखवावं लागतं, मुलांना २५. मानेवाड्याहून पहाटे अंबाझरीपर्यंत चालत जाऊन ये, अंदाज येईल. परीक्षा मात्र वर्षानुवर्षं पोरांना झुलवतात, हे तुला ठाऊक आहे. फक्त त्याच एका दोरीला लटकून राहू नकोस.

खात्याबाहेर काय आहे? देहरादूनला भारतीय वन्यजीव संस्थेत वन्यजीवशास्त्राचं एम.एस्सी. आहे, तिथल्याच वन संशोधन संस्थेत वानिकीचं आहे, दोन्हीकडे प्रवेशपरीक्षा. या सदराचे बारावीतले वाचक असतील तर त्यांच्यासाठी: अकोल्याच्या कृषी विद्यापीठात आणि दापोलीला वानिकीची चार वर्षांची पदवी आहे, रस्ता सीईटीतून जातो. नकाशांची आवड असेल तर उपग्रह छायाचित्रांवर काम करणारं राज्याचं केंद्र आपल्या नागपुरातच आहे. पशुवैद्यक व्हायचं असेल तर तेही महाविद्यालय इथेच, आणि गोरेवाड्याला वन्यप्राण्यांच्या उपचारांचं केंद्रही. एवढंच काय, जबलपूरच्या रस्त्याने जाताना पेंचच्या जंगलात महामार्ग वर उचललेला दिसतो ना? प्राण्यांसाठी नऊ ठिकाणी अशी वाट सोडली आहे, सगळ्यात लांब ७५० मीटरची. खालून वाघ जातात हे कॅमेऱ्यांनी टिपलं आहे. त्या कामात सिव्हिल इंजिनिअर होते, आकडेवारीवाले होते. बाबांना एकदा त्या पुलाखालचा फोटो दाखव.

आणि बी.एड.चा एवढा तिटकारा नको. ज्या शाळेतल्या बाईला रायमुनिया उलटी का ठेवायची ते सांगता येतं, त्या शाळेच्या भोवतीचं रान बदलू शकतं. पण मन नसताना करू नकोस. मन नसलेल्या शिक्षकांनी मुलांचं किती नुकसान केलं आहे ते मी स्टाफरूममध्ये बसून पाहिलंय.

बाबांच्या पंख्यामागे भीती आहे, हे तुला कळत असणारच. ती उगाच नाही. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये ताडोब्यात गणनेच्या कामासाठी पायी फिरणाऱ्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात जीव गेला. बाबांनी ते वाचलेलं असेल, आणि तू "काही होत नाही हो" म्हणालीस की त्यांना तेच आठवत असेल. तेव्हा "काही होत नाही" म्हणू नकोस. कुणासोबत जाणार, परवानगी कुणाची, परत किती वाजता, हे लिहून फ्रिजवर लावत जा. जमलं तर एकदा त्यांनाच गोरेवाड्याला पक्षी बघायला ने. शेजारी एखादी वनरक्षक मुलगी राहत असेल तर तिला चहाला बोलव, आणि तिची नोकरी, रात्रीची गस्त, पगार, बदली, सगळं बाबांसमोर विचार. माझ्या चार पानांपेक्षा ते अर्ध्या तासाचं बोलणं जास्त काम करील.

आता बांगडी. मोडू नका. हा माझा स्पष्ट सल्ला आहे. सगळेच खासगी अभ्यासक्रम टाकाऊ असतात असं नाही. पण पैसे भरण्याआधी फोन करून विचार की पायी किती तास, झाडं कोण शिकवणार, आणि शेवटी माझ्या हातात माझी स्वतःची नोंदवही असेल की नुसतं प्रमाणपत्र. उत्तरात पुन्हा "सफारी" हाच शब्द आला तर फोन ठेव. त्या रकमेच्या चौथ्या हिस्स्यात चांगली दुर्बीण येते, आणखी थोड्यात बुटांचा एक दणकट जोड. बाकी आईच्या हातातच राहू दे.

त्याऐवजी एक वर्ष असं काढून बघ. अंबाझरी, सेमिनरी हिल्स किंवा गोरेवाडा, जिथे तुला जायला परवानगी आहे अशी एकच जागा निवड. महिन्यातून दोनदा त्याच जागी जा. सुतळीची चौकट तुला येतेच. पाऊस पडला की दहा गवतं ओळखायची, दहाच. फुलोरा असताना एक-एक काडी वर्तमानपत्रात दाबून कॉलेजच्या प्रयोगशाळेत न्यायची. जिथे काडी तोडायला मनाई असेल तिथे फोटो. उन्हाळ्यात कोणतं झाड कधी पालवतं, कोण त्याची फुलं खातं ते लिहायचं. पळस सध्या पेटलाय. त्यावर कोण कोण येतं ते तासभर बसून मोज, वहीचं पहिलं पान होईल. सोबत थोडं संख्याशास्त्र शिक, कंटाळा आला तरी. वाघमोजणीत पायी दोन किलोमीटरची रेषा चालून चितळ-सांबर मोजतात, नंतर त्या आकड्यांवर गणित होतं. गणिताला घाबरणारी मुलं तिथे अडतात. मी स्वतः अडले होते.

ही वही घेऊन तू कुठल्याही संशोधकाकडे, संस्थेकडे किंवा वन अधिकाऱ्याकडे सुट्टीतलं काम मागायला गेलीस तर तो माणूस वही उघडेल. वाघाचे फोटो त्यांच्याकडे खूप असतात.

बफरमधल्या, म्हणजे व्याघ्रप्रकल्पाच्या गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातल्या, गावांतून हे वाचणाऱ्यांना वेगळं सांगते. तुम्हाला शहरात येऊन जंगल शिकायची गरज नाही. गावातल्या समितीत, वन्यप्राणी गावाजवळ आला की आधी धावणाऱ्या प्राथमिक प्रतिसाद दलात किंवा ग्रामसभेच्या वनहक्काच्या कामात शिरा. आजोबांना जी वीस झाडं-गवतं ओळखू येतात त्यांची नावं, माडिया-गोंडी नावांसकट, लिहून काढा. नावं गेली की ती माहिती परत येत नाही.

वर्षाने तुला कंटाळा आला असेल तर तेही कळेल, आणि त्यात कमीपणा काही नाही. वाघ आवडणं आणि जंगलाचं काम आवडणं वेगळं असू शकतं. आवडीपुरता वाघ ठेव, सुट्टीत बघायला जा आणि पोटासाठी दुसरं काही कर. पण मला वाटतं तुला कंटाळा येणार नाही. तीन दिवस रागाने केलेल्या कामाचा इतका बारीक तपशील, सुतळीसकट, चार महिन्यांनी कुणी पत्रात लिहीत नाही.

शिबिर घेणाऱ्यांना मात्र फोन कर. भांडायला नको. "जुलैमध्ये त्याच जागेवर उगवलेली रोपं उपटायला येऊ का?" असं विचार. त्यांनी हो म्हटलं तर उलटी ठेवलेल्या झुडपांत किती मेली आणि किती जगली ते आधी मोज, मगच कामाला लाग.

ता.क.चं उत्तर: जा. बुद्धपौर्णिमेच्या रात्रीच्या पाणवठ्यावरच्या मोजणीला आता 'निसर्गानुभव' म्हणतात, आणि ते नाव खरं आहे. त्या आकड्यांवरून कुणी वाघांची संख्या ठरवत नाही. जागा आधी आरक्षित करावी लागते. मोबाइल पिशवीत तळाशी टाक. रात्रभर फक्त एवढं लिही की कोण किती वाजता पाण्यावर आलं, कोणत्या बाजूने आलं आणि पिऊन झाल्यावर कुठे गेलं. मग सकाळी फटफटलं की मचाणावरूनच त्या बाजूला नीट बघ, तिथे काय उगवलंय.